‘रन’ची कार्डं

इंग्रजांचं मला खरंच काही कळत नाही. माणूस पळाला तरी ‘रन’, नळ वाहिला तरी ‘रन’, यंत्र चाललं तरी ‘रन’, शर्टाचा रंग गेला तरी ‘रन’. आणि एखादा निवडणुकीला उभा राहिला, जागचा हललासुद्धा नाही, तरी ‘रन’च! आपल्याकडे असं भागत नाही. आपल्याला प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद लागतं. म्हणून आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत या एका शब्दासाठी दोन हात लांब लाकडी पेटी आहे, आणि ती भरण्यात माझ्या नवऱ्याची तीन वर्षं गेली.

कचेरीत सगळे त्यांना सर म्हणतात. तिथे मीही सरच म्हणते, घरी ‘अहो’. ते कार्डं लिहितात, मी तपासते. अर्थ पुस्तकातून उचलायचा नाही, तो मराठीत कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला हवा, हा आमचा नियम. कार्डाच्या पुढच्या बाजूला अर्थ आणि ऐकलेलं वाक्य. मागे तारीख, आणि एक रकाना: कोण बोललं. रकाना कोरा असला की कार्ड बाद, लिहिणारा कितीही मोठा असो. हा नियम सरांनीच घातलेला. मी मागची बाजू उलटून रकाना भरलाय ना एवढंच बघायचे आणि लगेच पुढच्या बाजूला यायचे. भांडण व्हायचं ते अर्थावरून. कोण बोललं यात भांडण्यासारखं काय असतं?

वर्षापूर्वी सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग आपण जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “जमतंय तोवर त्यांना कामात ठेवा. टेबलाशी बसलेले असतात तेव्हा ते बऱ्यापैकी पूर्वीचे असतात.”

तेवढंच मी घट्ट धरून बसले. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायचं, सरांनी आदल्या दिवशी दोनदा-तीनदा लिहिलेली तीच तीच कार्डं काढून टाकायची, चुकलेले क्रमांक नीट करायचे. लबाडीच होती, मला मान्य आहे. पण घरी ते खुर्चीत बसून नुसते हात चोळत राहतात हो. इथे पेन हातात आलं की मान ताठ होते. ते मला बघायला मिळायचं, म्हणून मी आणखी वर्षभरसुद्धा लबाडी केली असती.

पण मीही माणूसच. दहा दिवस तापाने अंथरुणात पडले, सर शेजाऱ्यांबरोबर जात-येत राहिले, आणि तेवढ्यात मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य संपादकांनी, पेटी उघडली. मी कामावर आले त्या गुरुवारी त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं आणि टेबलावर सात कार्डं मांडली. सातही कार्डांवर एकच वाक्य: ‘अहो, नळ वाहतोय.’

“हे कधीपासून चाललंय?”

“थोडे दिवस,” मी म्हटलं.

“खरं सांगा.”

मी ती कार्डं गोळा करायला लागले. काय ते त्या समजल्या.

“उद्या बारापर्यंत चांगली कार्डं वेगळी करून द्या,” त्या म्हणाल्या. “निम्मी जरी विश्वासाची निघाली तरी शब्द सरांकडेच ठेवते. नाहीतर मला तो दुसऱ्याला द्यावा लागेल, आणि सरांनी घरी आराम करावा. मलाही वाईट वाटतंय, बाई.”

“तुमच्या वाईट वाटण्याचं मी काय लोणचं घालू?” मी म्हटलं. बोलून गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी अख्खी पेटी टेबलावर ओतली. आमची कार्डं अर्थाच्या क्रमाने असतात. तारखेप्रमाणे ती कुणीच कधी लावत नाही, तशी गरजच पडत नाही. पण मला वाटलं, तारखेने लावली तर कुठून बिघडायला लागलं ते कळेल, त्याच्या आधीची सगळी चांगली. सर समोरच्या टेबलाशी बसून कोरी कार्डं एकसारखी करत होते.

तारखा मागच्या बाजूला. म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदाच मी नुसती मागची बाजू वाचत गेले.

पहिली दोन वर्षं छान होती. ‘बसवाहक.’ ‘शाळेतला शिपाई.’ ‘शेजारच्या काकू.’ आणि जागोजागी ‘बायको’. ‘निळ्या शर्टाचा रंग जातो, वेगळा भिजवा’: बायको. ‘सकाळपासून नाक गळतंय माझं’: बायको. ‘हे घर मी एकटी चालवते, कळलं का?’: बायको. मला हसू आलं. म्हणजे मी भांडत होते तेव्हा हा माणूस मनात कार्ड लिहीत होता!

पुढे बाहेरची माणसं कमी होत गेली. उरले फक्त मी. आणि मग एका तारखेला ‘बायको’च्या जागी होतं, ‘घरातली’. मी म्हटलं, घाईत लिहिलं असेल. पुढे ‘घरी असतात त्या बाई’. पुढे ‘एक बाई, कपडे धूत होत्या’. मग ‘त्याच बाई. रागीट वाटतात, पण मनाने बऱ्या’. मग ‘त्याच बाई. नाव विचारायचं राहिलं’.

गेले दोन-तीन महिने ते मला घरी अहो-जाहो करत होते. मला वाटलं, थट्टा चाललीय. ‘आपण बसा ना’ म्हणाले की मीही मानेला झटका देऊन ‘बसते हं महाराज’ म्हणायचे. हसायचे मी! माणूस डोळ्यांदेखत निघून चालला होता आणि मी हसत होते.

घड्याळात साडेअकरा. मी काळं पेन उचललं. ‘एक बाई’ खोडलं, ‘बायको’ लिहिलं. दुसरं खोडलं, ‘बायको’ लिहिलं. अकरा कार्डं झाली. बाराव्यावर त्यांचं ते सुरेख वळणदार अक्षर, एकही काना डगमगलेला नाही, आणि त्यावर माझी खाडाखोड. मला पुढे लिहवेना. पेन आपटलं मी.

“माझा धीर संपला हो,” मी म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं. “काय करू मी आता? सगळं संपलं.”

सरांनी मान वर केली. डोळे कसे लख्ख झाले होते.

“वा! ‘रन आऊट’,” ते म्हणाले. “क्रिकेटचा घेतला आपण आणि हा राहूनच गेला बघा. धीर संपणे.” त्यांनी कोरं कार्ड ओढलं, अर्थ लिहिला, वाक्य लिहिलं, उलटून तारीख घातली. तारीखही बरोबर होती. मग पेन रकान्यावर थांबलं. “कोण बोललं म्हणून लिहू?”

“बायको लिहा.”

“कुणाची?”

“तुमची,” मी म्हटलं. “अहो, तुमची! चौतीस वर्षं झाली.”

ते माझ्याकडे बघत राहिले. फार प्रयत्न करत होते, कपाळावरच्या शिरा दिसत होत्या. मग त्यांनी हळूच मान हलवली.

“मला खात्री देता येत नाही, बाई,” ते म्हणाले. “आणि खात्री नसताना लिहायचं नाही. आपण रागावू नका.” रकाना कोराच ठेवून त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “तपासून घ्या. भीडभाड नको.”

मी लाल पेन घेतलं आणि कार्डावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. त्यांनी ती वाकून पाहिली. “बरोबर केलंत,” ते म्हणाले, आणि समाधानाने दुसरं कार्ड घेतलं.

मी सगळी कार्डं पेटीत भरली आणि मॅडमच्या खोलीकडे गेले, शब्द दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून सांगायला.