भिमाजीच्या वाट्याची वचनं

बायबल एकट्यानंही वाचायचं असतं, हे केशरबाईला नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदा कळलं, आणि तिला त्याचा भयंकर राग आला. चर्चमध्ये एक वचन पाळक वाचणार, पुढचं सगळी मंडळी वाचणार, अशी आळीपाळीची रीत. तीच रीत तिनं आणि भिमाजीनं घरी आणली होती. दुपारची भाकरी झाली की दोघं दारात बसत. एक वचन त्याचं, पुढचं तिचं. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. त्यामुळे गंमत अशी झाली, की अख्खं शास्त्र वाचूनही केशरबाईचे डोळे फक्त आपल्या वाट्याच्या वचनांवरून फिरले होते. भिमाजीची तिनं कानांनी ऐकली होती, डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आता करा काय!

बहात्तरचा दुष्काळ होता. पारनेर तालुक्यातल्या त्या वस्तीवर अंगणापलीकडची विहीर खोल करायला भिमाजी आत उतरला, आणि एका बाजूची कड त्याच्या अंगावर आली. लोकांनी त्याला वर काढलं, मूठमाती दिली. विहीर तशीच राहिली, अर्धी ढासळलेली, अर्धी उभी.

महिन्यातून एकदा सायकलवर येणारे, शांतवन नावाचे पाळक तिला समजावून गेले.

"केशरबाई, आता एकटीनं अभ्यास करायचा. एक पुस्तक धरा, पहिल्यापासून शेवटापर्यंत. रोज थोडंच वाचा. नुसत्या नावांच्या रांगा आल्या तरी उडी मारायची नाही. शब्दाशब्दावर बोट ठेवा आणि विचारा, इथं खरंच काय लिहिलंय? आपल्या मनात काय आलं, ते मागाहून."

"आन् ह्यांचं वचन आलं की मंग वं?"

पाळकांना प्रश्नच कळला नाही. "सगळीच वचनं तुमची," असं म्हणून त्यांनी सायकलवर टांग मारली. सांगणाऱ्याचं काय जातं!

गाव सारं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. केशरबाईचा अंगठा हातोडीखाली सापडलेला, म्हणून ती घरी. आणि शेजारची गोजरबाई गुडघ्यांनी धरलेली, म्हणून ती घरी. बाकी वस्तीवर दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नसे. अशा दुपारी केशरबाई शास्त्र उघडून बसली. त्याचं वचन आलं तशी गप्प राहिली, तो वाचायचा तेवढा वेळ थांबली, आणि मग आपलं वाचलं. एकटीनं वाचायचं म्हणे! तिनं मुळी ते मनावर घेतलंच नाही.

काही दिवस असे गेले. मग एका दुपारी त्या थांबण्यात कुणीतरी खाकरलं. भिमाजी वाचण्याआधी असाच खाकरायचा. केशरबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. दुसऱ्या दिवशी आवाज आला. त्याचाच, तोच संथ, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. वचन तो वाचायचा, पुढचं ती. भाकरी करायची शुद्ध तिला राहीना, पण चेहरा कसा उजळलेला.

"केशर," एकदा गोजरबाई कुडापलीकडून म्हणाली, "तुज्या दारात कोन वाचत हुतं गं?"

"मीच की."

"तुजा आवाज मी वळखते. दुसरा बाप्याचा हुता." गोजरबाई कुडापासून मागं सरली. "बाई गं, हे बरं न्हाई."

केशरबाई हसली. बरं नाही म्हणे! हिचा म्हातारा रोज संध्याकाळी घरी येतो, हिला काय कळणार?

पण मग वाचता वाचता तो म्हणाला, "केशर, पानी लागलंय. बघायला ये." वचन म्हणायच्या त्याच सुरात. तिनं मागचापुढचा विचार न करता आपलं वचन वाचलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, "काठावर ये, वाकून बघ." केशरबाई उठली. पायात वहाण नाही, डोक्यावर पदर नाही, अंगण ओलांडून विहिरीच्या वाटेला लागली होती. गोजरबाईनं कुडावरून बोंब ठोकली नसती, तर ती थांबलीही नसती.

रात्रभर तिच्या मनाला चैन नव्हती. बायबलात असं आहे का कुठं? असेलही. त्याच्या वाट्याची वचनं तिनं पाहिलीत कुठं! आणि नसलं तर तो असं का म्हणेल? बायकोचा जीव घेणारा माणूस नव्हता तो.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा दारात बसली. आपलं वचन वाचलं. समोर खाकरणं झालं.

"केशर, पानी लागलंय."

तिनं बोट पुढं सरकवलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या वचनावर ठेवलं. तिथं पाणी नव्हतं, विहीर नव्हती. नुसती नावं होती, अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कुणी.

"हितं तसं ल्हिलेलं न्हाई," ती म्हणाली.

"ये की गं."

"न्हाई ल्हिलेलं!"

मग आवाज आला तो समोरून नव्हे, अंगणापलीकडून, खालून, लहान मुलासारखा. "केशर, लई अंधार हाय गं. कायबी दिसंना. मला वाचताच येत न्हाई."

केशरबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. एवढ्यासाठी बोलावत होता होय हा! तिला हुंदका आवरेना. विहिरीकडं धावत सुटावं असं वाटलं. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"मी तितं येनार न्हाई," ती म्हणाली. "पन तुमी उगी राहा. तुमचंबी मीच वाचते. तुमी ऐका."

आणि ती वाचू लागली. त्याचं वचन, मग आपलं, मग पुन्हा त्याचं. जिभेला न वळणारी नावं, रडत, अडखळत, एकही न गाळता. मधेच जमीन हादरली आणि विहिरीची उभी राहिलेली कड धडाधडा आत गेली. धुळीचा लोट अंगणात आला. गोजरबाई गुडघे विसरून धावत आली आणि केशरबाईला दारात बघून मटकन खाली बसली.

"जित्ती हायेस! देवा रं! मला वाटलं तू काठावरच..." तिला धाप लागली होती. केशरबाईचं वाचन काही थांबेना. उलट आवाज आणखी चढला. "अगं, मी तर हितं शेजारी बसले. येवढं कशापाई वरडतीस?"

केशरबाईनं बोट ओळीवर तसंच दाबून धरलं.

"आता लई माती पडली गं मधी," ती म्हणाली. "खाली ऐकू जायला नको?"