आप्पांनी बोट बुडवलं

मालोजीरावांनी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर लोखंड कापायचं लेथ मशीन चालवलं. आपली लेक माशांसाठी पगार घेते, हे त्यांना काही केल्या खरं वाटेना. शेवटी स्वरूपानं साहेबांची परवानगी काढली आणि रविवारी दुपारी वडिलांना माणच्या प्रयोगशाळेत नेलं.

करंगळीएवढे पट्टेरी झेब्राफिश टाकीत फिरत होते.

"लाल दिवा लागला की या बाजूला विजेचा बारीकसा झटका बसतो, आप्पा. काही वेळा बसला की मासा शिकतो, दिवा लागताच पळतो. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते. तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला की त्या दोघींची गाठ घट्ट होते. आठवण म्हणजे तीच."

"आन् ह्ये दुसऱ्या टाकीतलं?"

"त्यांच्या पाण्यात औषध आहे. त्यानं गाठ बसत नाही. झटका बसला की पळतात, पण दिव्याचा अर्थ शिकत नाहीत. दर वेळी पहिलीच वेळ."

"बिचारी," म्हणत आप्पांनी त्या टाकीत बोट बुडवलं.

"आप्पा! हात धुवा आधी!" ती ओरडली. तेवढ्यात फोन वाजला. बोलून ती वळली, तर आप्पा तळहातावर तंबाखू मळून दाढेखाली धरत होते.

परतताना वाकडच्या सिग्नलला स्कूटरच्या मागच्या सीटवरून त्यांनी विचारलं, "आपुन कुठनं आलो गं?"

"मासे बघून."

"कुठलं मासं?"

तिला वाटलं, थट्टा करतायत. पुढच्या सिग्नलला तोच प्रश्न आला, त्याच सुरात. तिनं स्कूटर कडेला घेतली.

"आईचं नाव काय?"

"मंजुळा. येडी झालीस व्हय?"

"मी कुठं काम करते?"

"माणला. माशांचं कायतरी."

"आणि आत्ता आपण काय पाहिलं?"

आप्पांनी मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपुन कुठनं आलो गं?"

जुनं सगळं शाबूत होतं, नवं काही टिकत नव्हतं. आणि ते बोट, ती तंबाखू...

दवाखान्यात डॉक्टर सुखदांनी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं का यांनी?" नोकरी डोळ्यांपुढे आली, तरी स्वरूपानं सगळं सांगून टाकलं. औषधाचं नाव, पाण्यातलं प्रमाण, सगळं.

"बोटाला लागलेल्या थेंबानं असं होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण सांगितलंत ते बरं केलंत. आधी स्कॅन करू."

तिला ते पटेना. आप्पा विचारत राहिले, ती सांगत राहिली. दर वेळी ते "बरं, बरं" म्हणून निवांत व्हायचे. त्या निवांतपणानंच तिच्या अंगावर काटा यायचा. ह्या माणसाला कसलंच भय उरलेलं नव्हतं.

संध्याकाळी स्कॅनचा रिपोर्ट आला. पक्षाघात नव्हता.

"कधीकधी आठवणी साठवणारा भाग काही तास थांबतो," डॉक्टर म्हणाल्या. "का, ते नेमकं सांगता येत नाही. बहुतेक वेळा पूर्ववत होतं."

"बहुतेक?"

"बहुतेक."

ती खाटेशेजारी जाऊन बसली.

"आपुन कुठनं आलो गं?"

तिनं पुन्हा सांगितलं. आप्पा "बरं" म्हणता म्हणता अडखळले.

"ह्ये मी मगाशी इचारलं व्हतं का?"

"हो."

"किती येळा?"

तिनं त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. आप्पांनी खाटेची कड पकडली.

"स्वरूपा, मला भ्या वाटतंय गं. माजं काय झालंय?"

तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि वाट बघितली. नर्स येऊन गेली, बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले. आप्पा तरीही घाबरलेलेच होते. ते भय पुसलं गेलं नव्हतं; नवं काहीतरी टिकलं होतं. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

सकाळी आप्पांनी तक्रार केली, रात्रीच्या खिचडीत मीठ कमी होतं. ती दुपार मात्र त्यांच्या आठवणीत परत आली नाही ती नाहीच. सोमवारी स्वरूपानं साहेबांना स्वतःहून सांगितलं. बोलणी खाल्ली, नोकरी वाचली.

आप्पा आता बरे आहेत. पण बोलता बोलता एकदम थांबतात आणि विचारतात, "ह्ये आधी बोललो का मी?"

"नाही, आप्पा," ती म्हणते. आणि मग खरंच नव्हते ना बोलले, हे मनातल्या मनात तपासत बसते.