आकांक्षाच्या चकतीचं पाणी

तीर्थपुरीच्या बोअरचं पाणी क्षारांनी असं जड, की तुरीची डाळ लग्नाच्या दिवशी चुलीवर चढवावी आणि ती शिजावी नवरीचं पोरगं शाळेत जायला लागल्यावर. म्हणून गावात पाण्याची पारख एकच, डाळ मऊ होते का? सरपंच काकासाहेबांनी पारापाशी चूल मांडली होती ती त्यासाठीच. आज गावच्या आकांक्षाची चकती पाणी गाळणार होती.

चकती नाण्याएवढी, पण तिच्यात आकांक्षाची सगळी उमेद. जिवंत पेशीत एक प्रथिन असतं, ते दारावरच्या खमक्या म्हातारीसारखं पाण्याला आत घेतं आणि मिठाला हाकलतं. ते तिनं डोळ्यांना न दिसणाऱ्या पॉलिमरच्या फुग्यांत बसवलं होतं, आणि फुगे चकतीत. पथ्य एकच, चकती वाळू द्यायची नाही. वाळली की फुगे फुटले, प्रथिन मेलं. हे पथ्य कल्याणलाही पाठ होतं. प्रयोगशाळेतला तिचा जोडीदार तो, चकती पंपाच्या डबीत त्यानंच बसवली. तिनं उघडून पाहिलं नाही. भावासारख्याचं काय तपासायचं?

पंप सुरू झाला आणि धो धो धार लागली.

"पोरीनं गंगा आणली!" काकासाहेब ओरडले.

टाळ्या पडल्या. आकांक्षानं धारेखाली हात धरला. तिच्या चकतीतून तर थेंब पडायचे, संध्याकाळपर्यंत वाटीभर. तिनं कल्याणला पारामागं ओढलं.

"डबीत काय घातलंस?"

"पाणी मऊ करायच्या बाजारच्या फिल्टरचा तुकडा. अगं, थेंब मोजत कोण बसून राह्यलंय? पाव्हणे आलेत, जल्दी दिसाया पाहिजे."

"अन् माझी चकती?"

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. चकती उन्हात ठेवलेल्या पापडासारखी मुडपली होती.

"दुसरी करू की."

आकांक्षा तडक पारावर चढली. "काका, हे पाणी माझं न्हाई. बाजारच्या फिल्टरचं हाय. माझी चकती मेली."

काकासाहेब खो खो हसले. "लाजून राह्यली! बिलकुल बापावर गेली."

त्या पाण्यात चढवलेली डाळ शिजली तशी चुलीपाशी बसलेल्या तुळजाबाईंनी पळीतला दाणा बोटात चिरडला. "लोणी झालं बाई! अन् म्हणती, माझं न्हाई!"

हार आला. आकांक्षानं मान मागं घेतली, तो शेजारी येऊन उभ्या कल्याणच्या गळ्यात पडला. त्यानं काढला नाही.

पंगत बसली. तुळजाबाईंनी पुढं केलेलं ताट आकांक्षानं बाजूला सारलं. "भूक न्हाई, मावशी."

पलीकडं हार सावरत कल्याण डाळ वाढत होता. "घ्या काका, पोटभर घ्या. आपल्याच पाण्याची हाय."