भराव

पांझरा नदीच्या पाटाचा भराव निंबानं पायांनी राखला होता. निंबा गावचा पाटकरी. त्याच्या आधी त्याचा बाप होता. बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंत, म्हणजे एका पाण्यावर भिजणाऱ्या साऱ्यांच्या शेतांच्या शेवटच्या पट्ट्यापर्यंत, अडीच मैल, सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा, अनवाणी. पाटकऱ्यानं वहाण घालायची नाही, असं बापानं सांगून ठेवलं होतं. खेकडा आतून भराव पोखरतो, वरून माती कोरडी दिसते; डोळा फसतो, तळपाय फसत नाही. पायाला गार लागलं की तिथं खणायचं आणि चिखल ठासायचा. या कामाबद्दल गाव खळ्यावर धान्य घालायचं आणि लग्नात पाटकऱ्याला पहिल्या पंगतीला बसवायचं.

भरावावर ना गाडी, ना जनावर. नवरदेवसुद्धा घोड्यावरून उतरून पायी पलीकडं जायचा. म्हशी चढू नयेत म्हणून निंबानं दोन्ही कडांना बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, अंथरल्या होत्या. वाळलेल्या, बोटभर काट्यांच्या.

एकतीस सालच्या थंडीत धुळ्याची मंडळी सायकली घेऊन यायला लागली. दर रविवारी सात-आठ जण. पुढं कापसाच्या जिनवाल्याचा मुलगा रतिलालशेठ, मागं दोन वकील, एक मास्तर, बाकी असेच ज्यांच्या पोटाला चालायची गरज पडली होती ते. आठवडाभर गादीवर बसायचं आणि रविवारी हवा खायला आमच्या पाटावर यायचं. गाव जन्मभर पायी चालतं, त्याला कुणी हवाखोरी म्हणत नाही. त्याला दारिद्र्य म्हणतात.

दुसऱ्याच रविवारी रतिलालशेठचं चाक काट्यावर बसलं. रुपचंद पाटलाच्या ओट्यावर चहा झाला, टायरला ठिगळ लागलं आणि निंबाला बोलावणं गेलं. शेठनं त्याला खुर्चीवरूनच हात जोडले. म्हणाला, साऱ्या जिल्ह्यात एवढी साफ वाट नाही. ज्यानं ही राखली त्याला इंजिनेर म्हटलं पाहिजे. वकिलांनी माना हलवल्या. निंबाला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. तिथंच तो बुडाला.

"काटा काढी टाक, निंबा," पाटील म्हणाला. "शेठ लोकेसना टायर फुटतस."

निंबानं तोंड उघडलं होतं. म्हशींचं सांगायचं होतं. पण शेठ अजून हसून बघत होता, आणि त्या हसण्यापुढं म्हशींचं नाव काढणं त्याला अडाणीपणाचं वाटलं. दोन दिवस राबून त्यानं सगळ्या काट्या स्वतःच्या हातानं उचलल्या. बायको भिकुबाई त्याच्या हातातले काटे सुईनं काढता काढता म्हणाली की शाबासकीनं म्हैस अडत नाही. तो तिच्यावर ओरडला.

पौषात म्हशी चढल्या. खुरांनी कड फोडली, खेकड्याच्या बिळांनी बाकीचं केलं. पाट फुटला आणि ओंबीवर आलेल्या गव्हाच्या फडाला आठ दिवस पाणी नाही.

चावडीवर गाव जमलं. कोनी काढात काट्या, असा प्रश्न झाला. मी काढल्या, निंबा म्हणाला, पाटलांनी सांगितलं म्हणून.

रुपचंद पाटील विड्याला चुना लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मी काय बी सांगेल नही."

ओट्यावर त्या दिवशी चहा द्यायला लोटन होता. लोटन म्हणजे निंबाचा बांधाला बांध असलेला, लहानपणचा जोडीदार. निंबानं त्याच्याकडं पाहिलं. लोटन चावडीच्या खांबाकडं पाहत राहिला. वीस मिनिटांत निंबाची पाटकरकी गेली. बाहेर आल्यावर लोटननं त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, तुन्हं बठ्ठं खरं शे. पन पाटीलना मव्हरे कोन बोलस?"

पाटलापुढं न निघणाऱ्या अशा खऱ्याचं काय लोणचं घालायचं?

नवा पाटकरी झाला पुना, पाटलाचा भाचा. त्याच्याकडं सायकल होती, रतिलालशेठनं जुनी म्हणून दिलेली. अडीच मैलांचा भराव तो घंटी वाजवत पाव तासात बघून यायचा. गाव म्हणालं, काम झटपट होतं. म्हशींसाठी पाटलानं एक राखण्या बसवला. काट्यांचं नाव कुणी काढलं नाही.

निंबा भरावावरून जायचा तो आता फक्त आपल्या शेताला. एका सकाळी, मधल्या फडापाशी, उजव्या तळपायाला गार लागलं. तो थांबला. पाय उचलून परत ठेवला. गारच. तेवढ्यात पुना आला. निंबानं त्याला अडवून सांगितलं की इथं खाली पाणी पाझरतंय. पुनानं सायकलवरूनच एक पाय टेकला, बुटाचा, आणि मातीकडं पाहिलं.

"माले तर काही लागनं नही, आबा," म्हणाला आणि गेला.

वार रविवार होता. निंबा तसाच शेताकडं निघाला. पन्नास पावलं गेला. फुटू दे, म्हणाला. कळू दे साऱ्यांना. पुनाच्या अंगावर येऊ दे, पाटलाच्या तोंडावर येऊ दे. मग त्याला खालचा गहू दिसला. त्यात लोटनचा होता, पाटलाचा होता आणि एका कोपऱ्यात भिकुबाईनं पेरलेला त्याचा स्वतःचाही होता. फडाचं पाणी माणूस बघून थांबत नाही.

तो परत फिरला. धोतर खोचून पाटात उतरला. बीळ हाताच्या कोपरापर्यंत खोल निघालं. तो कडेला छाती लावून वाकला आणि एका हातानं भोक दाबून दुसऱ्यानं चिखल ओढायला लागला.

वरून घंट्या आल्या. एकामागं एक सात सायकली त्याच्या डोक्याच्या हातभर वरून गेल्या. खाली माणूस आहे हे कुणाला दिसलं नाही. रतिलालशेठचा आवाज त्यानं ओळखला. शेठ मागच्या वकिलाला सांगत होता, "नवा पाटकरी फार हुशार आहे हो. वाट बघा कशी राखलीय."

हात काढला असता, तर वाट कशी राखलीय ते शेठला परतताना दिसलं असतं. निंबाला ते कळत होतं. हात तो काढू शकला नाही.

शेवटच्या चाकाखालून मातीची ढेपळं सुटली आणि त्याच्या डोक्यावर, मानेवर पडली. त्यानं ती मानेवरून ओरबाडून काढली, पाण्यात कालवली आणि भोकात ठासली.