खिडकीतली टाकी

लाल टाचणी... संगणकाच्या पडद्यावरच्या नकाशातलीच, पण डोळ्यात टोचणारी. पाण्याच्या टाकीसमोरच्या इमारतीत, बरोबर तिसऱ्या मजल्यावर रोवलेली. शेजारी चित्र, वर्गात जिला सगळे खारूताई म्हणतात त्या पोरीनं काढलेलं : 'माझ्या खिडकीतून'. टाकी, टाकीची शिडी, शिडीची तुटकी पायरीसुद्धा — कारण बाईंनीच वर्गात सांगितलं होतं, दिसतं तसं काढ, मनचं घालू नकोस. मनच्या तेवढ्या सूर्याच्या भुवया. त्या तिच्या बापानं शिकवलेल्या.

"नाव आहे का कुठं? पत्ता आहे?" भाचा खुर्ची फिरवत म्हणाला. "चित्रं तुझ्याच चित्रकलेच्या वर्गाच्या वेब-पानावरची, मावशी. रस्त्यांचे फोटो सगळ्यांना खुले, नकाशाही खुला. माझ्या साइटनं नुसतं जुळवलं. चित्र बघा, खिडकी शोधा... लोकांना भारी आवडतंय."

"सुरी आणि मानही वेगवेगळीच असतात रे."

तो हसला. जोड्या लावायला याला बाईंनीच शिकवलं होतं, मांडीवर बसवून. जोडी जुळली की असाच हसायचा, आणि बाई पापा घ्यायच्या... आज ते दात बघवेनात. खारूताईची आई नाव घालायला आली तेव्हा दाराकडे तोंड करून बसली होती, कॉलर गळ्यापर्यंत ओढून. "हिच्या बापाला आमचा ठिकाणा लागला तर संपलंच, बाई. पोरीच्या हातची रेघसुद्धा ओळखतो तो." म्हणून बाईंनी चित्राखाली नाव घातलं नव्हतं. नाव — जसं काही नावच सगळं सांगतं.

"आत्ताच्या आत्ता काढ ते."

"काढलं. बघ." टाचणी गेली, टाकी तिथंच राहिली.

"कोणी कोणी पाहिलं हे?"

"ते नाही सांगता येत, मावशी. बघणाऱ्यांची माहिती गुप्त ठेवावी लागते." थट्टा नव्हती. चेहरा अगदी शहाण्या मुलासारखा होता, आणि त्या शहाणपणावर एक सणसणीत ठेवून द्यावी म्हणून बाईंचा हात शिवशिवला, तो त्यांनी पर्सच्या पट्ट्याला गुंडाळून घेतला.

रस्त्यात वर बघत उभा असलेला प्रत्येक पुरुष बाईंना खारूताईचा बापच वाटला. एक तर नुसता कबुतरं बघत होता... असेल. नसेलही.

वर्गात मुलं कागदांवर वाकलेली. एरवी त्यांच्या मागून फिरताना काय सुख व्हायचं. आज याच्या खिडकीत दवाखान्याची पाटी, तिच्या खिडकीत पूल आणि सिग्नल — चित्रं दिसेनातच, नुसते पत्ते. आपणही त्या यंत्रासारखंच बघतो आहोत, जुळवतो आहोत...

"बाई, शिडी डावीकडं. बरोबर ना?" खारूताईनं विचारलं.

"उजवीकडं काढ."

"पण दिसते तर डावीकडं."

"सांगितलं तेवढं कर. आणि त्या भुवया पूस."

इतक्या कोरड्या आवाजात त्या वर्गात कधी कुणी बोललं नव्हतं. पोरगी बघत राहिली. मग तिनं भुवया खोडल्या, कागद आपल्याकडे ओढला, हात आडवा धरला आणि बाईंना दिसू नये असं काढू लागली.

लपवायला शिकली, बरं झालं, असं बाईंना वाटलं — आणि तसं वाटल्याचा संतापही आला. तो कुणावर काढावा, ते कळेना.