ठकीचा हात

"मधोमध धरा हो. तुम्ही मुद्दाम उजवीकडे झुकवताय," डावरेकाका म्हणाले.

पोस्टमनने कंगवा सरळ केला. पोस्टमनला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण फुकटचा पेपर आणि फुकटचा सल्ला यांसाठी तो रोज सकाळी सलूनमध्ये हजर असे. खुर्चीच्या दोन हातांवर लहान मुलांसाठी आडवी टाकतात त्या फळीवर डावरेकाकांची नात बसली होती आणि काकांनी तिला मागून कमरेला धरलं होतं. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं. पण डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि ठेवावं तिथे लाकडी बाहुलीसारखं गुपचूप बसून राहायची सवय, यामुळे तिला ठकी म्हणायला पोस्टमननेच सुरुवात केली आणि मग घरचेही म्हणू लागले. ठकीने कंगव्याकडे नीट बघून घेतलं आणि डावा हात पुढे करून तो पटकावला.

"डावी!" काका म्हणाले. "आता बोला."

"उजव्या हाताने घेतला की," शेजारच्या खुर्चीतलं, गालांना फेस लावून ताटकळत बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं. "मी बघितलं ना."

"आरशात बघितलंत तुम्ही," पोस्टमन म्हणाला. गिऱ्हाईक स्वतःच इतकं हसलं की फेस शर्टावर सांडला. काकांनी हसत हसत तो टॉवेलने पुसून काढला.

डावरे हे काकांचं आडनाव नव्हे. डाव्या हाताने कात्री चालवणारा माणूस म्हणून ते चिकटलं, नव्या गिऱ्हाइकांना आडनावच वाटू लागलं आणि शेवटी पाटी नव्याने रंगवायची वेळ आली तेव्हा काकांनी तेच लिहून घेतलं. पाटीवर ते नाव बघायला वडील हयात नव्हते, हे एक बरं होतं. सलून मूळचं वडिलांचं. कुठलाही शहाणा माणूस आपल्या गळ्यावर डाव्या हाताने वस्तरा फिरवू देणार नाही, हे वडिलांचं ठाम मत. पोराचा डावा हात कात्रीकडे गेला की वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा बोटांवर बसे. पोरगा उजव्या हाताने शिकला, म्हणजे कसाबसा शिकला. चांगला मिशा फुटलेला झाल्यावरही त्याच्या हातून एकाच्या कानाची पाळी कापली गेली आणि वडिलांनी भर सलूनमध्ये त्याच्या थोबाडीत दिली. वडील गेल्यावर आठवड्याच्या आत त्याने कात्री डाव्या हातात घेतली, आणि केस कापणं ही काही फार अवघड गोष्ट नाही असं त्याच्या लक्षात आलं. मार विसरता आला असता. एवढं सोपं होतं, हे मात्र त्याला कधीच विसरता आलं नाही.

म्हणून ठकी डावरी निघतेय असं दिसताच काकांनी घरात सर्वांना बजावून ठेवलं. हिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही. हिला उजव्या हातात काही द्यायचं नाही. ती ज्या हाताने घेईल तो तिचा हात.

घर सलूनच्या मागेच, मध्ये फक्त एक पडदा. लेक सकाळी कापडाच्या दुकानात कामाला जाई ती दिवे लागल्यावर येई. जावई नोकरीसाठी दूर, सुट्टी मिळेल तेव्हा उगवणारा. त्यामुळे दिवसभर ठकी आजी-आजोबांची. आजी बोलायला कमी. एकदा मात्र तिने ठकीच्या उजव्या हातात खुळखुळा खुपसून पाहिला आणि नेमके तेव्हाच काका पडदा सारून आत आले. त्या दिवशी त्यांनी घर डोक्यावर घेतलं. खुळखुळा उचलून कपाटावर टाकला तो तिथेच राहिला.

पुढे एकदा आंघोळ घालून झाल्यावर आजी टॉवेलात गुंडाळलेली ठकी घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, ही मूठ उघडतच नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. आत मळ साठतो."

"मग तू सोडवतेस कशाला? तिला नकोय तो हात. नको त्याला का जुंपतेस?"

"जुंपत नाही हो. मला आपलं काहीतरी..."

"काहीतरी काय?"

"काही नाही," आजी म्हणाली आणि ठकीला पावडर लावायला बसली.

लस टोचायला नेलं तेव्हाही काका बरोबर होते. नर्सने ठकीचं वजन केलं, डोक्याला टेप लावून पाहिली, दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "हा उजवा जरा..."

"डावरी आहे ती. माझ्यावर गेलीय," काका म्हणाले आणि त्यांनी आपला डावा हात वर करून दाखवला. नर्स हसली. मागे रांग मोठी होती, तिने पुढचं मूल घेतलं. हा किस्सा काका कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होते.

ठकी रांगली नाही. बसल्या बसल्या डाव्या हाताने जमीन मागे लोटत ती सरकायची, आणि सलूनभर हिंडायची. कापलेले केस चड्डीला चिकटायचे. गिऱ्हाइकं पाय वर घेऊन तिला वाट करून देत आणि काकांना ते बघताना धन्य वाटे. असंच एकदा सरकत ती दारापर्यंत गेली. पायरीवर एक मुंगळा चालला होता. तो बघायला ती वाकली, उजवीकडे कलली आणि खाली गेली. पडताना कुणीही हात पुढे टाकतं, म्हातारी माणसंही टाकतात. ठकीने टाकला नाही. ती सरळ तोंडावर आपटली.

ओठ फाटला होता. काका अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून, तिला छातीशी धरून पळत सुटले. लेक दुकानातून थेट दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढीच होती. तिने टाके घातले, ठकीला शांत होऊ दिलं आणि मग ती पडली कशी ते नीट विचारून घेतलं. तिने आपली छोटी बॅटरी पेटवून ठकीच्या उजव्या बाजूला धरली. ठकीने सबंध अंग वळवून डाव्या हाताने ती घ्यायला पाहिलं. डॉक्टरीणबाईने तो डावा हात हळूच धरून ठेवला आणि बॅटरी उजव्या मुठीजवळ नेली. ठकी नुसती बघत राहिली.

"त्या हाताने नाही घ्यायची," काका म्हणाले. "डावरी आहे."

"कधीपासून?"

"पाचव्या महिन्यापासून. एकदासुद्धा चुकली नाही. आमच्याकडे साक्षीदार आहेत."

डॉक्टरीणबाईने बॅटरी विझवली. "आजोबा, पाचव्या महिन्यात कुठलंच मूल डावरं नसतं. उजवंही नसतं. दीड-दोन वर्षांची होईपर्यंत मुलं दोन्ही हात वापरतात. त्याच्या आत एकच हात वापरायला लागलं, तर आम्ही दुसऱ्या हाताकडे बघतो."

काकांना आधी ते समजलंच नाही. मग समजलं, आणि बसायला काही आहे का म्हणून ते इकडेतिकडे बघू लागले.

तपासण्या झाल्या. जन्माच्या आधी किंवा जन्मताना कधीतरी मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा काही वेळ थांबला होता, म्हणून उजवा हात गेला होता आणि पायही थोडा ओढत होता. हे कुणामुळे झालेलं नाही, असं डॉक्टरीणबाईने दोनदा सांगितलं. लेकीने विचारलं, लवकर आणलं असतं तर?

"जितकं लवकर सुरू होतं तितकं चांगलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आता होईल तेवढं करू." ती मनाने चांगली होती, म्हणूनच किती फरक पडला असता ते तिने सांगितलं नाही, आणि कुणी पुन्हा विचारलंही नाही.

परत येताना बसमध्ये लेक मांडीवरच्या ठकीच्या उजव्या मुठीची बोटं एकेक करून उघडत होती. सोडली की ती पुन्हा मिटत. तिने खिडकीकडची जागा धरली होती आणि सबंध वाटेत वडिलांकडे न बघता तोंड बाहेर ठेवलं.

घरी आल्यावर आजीने पानं घेतली. जेवणं झाली, भांडी झाली. आपल्याला कुणीतरी फाडकन बोलावं म्हणून काका ओट्यापाशी घुटमळत राहिले. शेवटी स्वतःच म्हणाले, "तू म्हणाली होतीस."

"कुठे काय म्हणाले? गप्पच बसले ना मीही," आजी म्हणाली आणि पातेलं पालथं घातलं. त्यांच्या अपराधातला अर्धा वाटा तिने असा आपल्याकडे घेतला, आणि त्यामुळे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपाय होता तो असा. उजव्या हाताला रोज व्यायाम द्यायचा, आणि दिवसातून दोन तास डावा हात बांधून ठेवायचा. चांगला हात मोकळा असला की मूल वाईट हाताकडे वळतच नाही. कोपरापर्यंत कापडी पिशवी चढवायची आणि वर नाडी आवळायची. बांधायचा म्हणजे बांधायचाच का, असं काकांनी दोनदा विचारून घेतलं. रडली तर? रडेल, असं उत्तर मिळालं. वडील असते तर पोट धरधरून हसले असते, असं काकांच्या मनात आलं.

लेकीला नोकरी सोडणं शक्य नव्हतं. आजीने पिशवी शिवली, मऊ जुन्या चादरीची, वर एक मासा भरतकाम करून. पहिल्या दिवशी तिने ती बांधली आणि ठकीचा आवाज फुटताच सोडली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग काका म्हणाले, "आण इकडे."

तेव्हापासून दुपारचं सलून बंद. शटर अर्धं ओढून काका खाली जमिनीवर बसत, ठकीला समोर घेत आणि पिशवी चढवत. ठकी किंचाळे. पिशवीतला हात जमिनीवर आपटे, दातांनी नाडी ओढे. पुढे बिस्किट ठेवलं तर उजवी मूठ तशीच मांडीवर, आणि ती खाली वाकून तोंडानेच बिस्किट उचलू पाही. काका बिस्किट मुठीपाशी नेत, मूठ सोडवत, बोटं त्याभोवती गुंडाळत. बिस्किट पडे. एकदा मूठ आपण होऊन हलली, बिस्किटाला लागली आणि बिस्किट थोडं सरकलं. त्या संध्याकाळी त्यांनी लेक दारात यायच्या आत तिला ते सांगितलं. लेकीचा चेहरा उजळला. पुढे महिनाभर मूठ पुन्हा हलली नाही, आणि लेकीनेही विचारायचं सोडून दिलं.

पोस्टमन पेपर वाचायला येतच होता, पण आता पूर्वीसारखा मोठ्याने वाचत नसे. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने काकांची कात्री बघून आणि पडद्याआडून डोकावणारी ठकी बघून कौतुकाने विचारलं, "नातसुद्धा डावरीच का हो?" पोस्टमनने पेपर तोंडासमोर धरला.

"माहीत नाही," काका म्हणाले. "कदाचित उजवी असती. आता नाही कळायचं."

गिऱ्हाइकाला काही उलगडा झाला नाही. काकांनी त्याची मान खाली वाकवली आणि मागचे केस बारीक करायला घेतले.

दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी शटर ओढलं, हात धुतले आणि दोरीवर वाळत घातलेली पिशवी घेऊन ते आत गेले. ठकी भिंतीला टेकून बसली होती. एरवी त्यांचं पाऊल वाजलं की ती त्यांच्याकडे झेप घ्यायची. आज तिने त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि डावा हात पाठीमागे लपवला. तो सापडू नये म्हणून पाठ भिंतीला घट्ट दाबून ती बसली. उजवा हात लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. तो तिच्यासमोर उघडाच होता, मूठ मिटलेली, दुसऱ्या कुणाचा तरी तिथे राहून गेल्यासारखा.

काका तिच्यासमोर खाली बसले. "दे गं राणी," ते म्हणाले. ठकीने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पिशवी मांडीवर ठेवून नाडी मोकळी केली. मग त्यांनी तिच्या पाठीमागे आपला डावा हात घातला आणि तिचा हात हळूहळू ओढून पुढे आणला.