सुरुवात नवव्यापासून

"तू नवव्यापासून सुरुवात कर, ताई. पहिली आठ फार कच्ची आहेत." माझी धाकटी बहीण ठकू मला हे वीस वर्षं सांगत होती. तिच्या 'तिरपागड' मालिकेची पंचवीस पुस्तकं झाली. उतारावर वसलेलं तिरकं गाव, तिथे चेटकिणींची सहकारी संस्था, सर्दी झालेले ड्रॅगन आणि सगळा नुसता खीखी कारभार. मी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि घरी जाऊन पुन्हा बारीक अक्षरात डोळे घालायचे, एवढा उत्साह माझ्यात नाही. शिवाय ठकू मला तोंडपाठ होती. तिची पुस्तकं वाचून वेगळं काय कळणार होतं?

पण येत्या रविवारी सव्विसाव्या पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि ते माझ्याच हातून करायचं असं तिने ठरवलं होतं. "आईच्या मागे तूच मला वाढवलंस, दुसरं कोण?" म्हणाली. मी हुरळून गेले. चार लोकांत कुणी काही विचारलं तर फजिती नको, म्हणून निमूटपणे नववं पुस्तक पिशवीत टाकून दुकानात नेलं.

सकाळी भूगोलाच्या एक निवृत्त बाई चष्मा न्यायला आल्या. टेबलावरचं पुस्तक बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"नवव्यापासून? कुणी सांगितलं तुम्हाला? अहो, पेटारेवाली पहिल्यातच आहे! तिच्याशिवाय तिरपागडात काय राम? आमच्या घरी कुणी वाट बघत ताटकळलं की आम्ही म्हणतो, झाली हिची पेटारेवाली."

तासाभरात त्यांनी घरून स्वतःची पहिल्या पुस्तकाची प्रत आणून दिली, हाताळून हाताळून मऊ झालेली. लेखिका माझी बहीण आहे हे मी सांगितलं नाही. रविवारच्या प्रकाशनाला त्या येणारच होत्या; मला स्टेजवर बघून त्यांचे डोळे विस्फारतील, ती मजा मला राखून ठेवायची होती.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि पुस्तकही. पेटारेवाली तिसऱ्या प्रकरणात आली. ही एक धिप्पाड राक्षसीण. राजपुत्र उडत्या चटईवरून न्यायला येणार म्हणून डोंगरावर पेटारा घेऊन बसलेली. एकेक चटई आली की ही उठते, केस सारखे करते, पेटारा उचलते. चटईवरून कुणाची तरी म्हातारी आत्या उतरते आणि ही पुन्हा बसते. अकराव्या चटईला तर ती चटईवाल्यालाच विचारते, "मागून अजून एखादी आहे का हो?" मी तोंडात घास असताना हसले आणि जोरात ठसका लागला. मालक काउंटरवरून ओरडले, "पाणी प्या, पाणी प्या!" काय लिहिलंय पोरीनं, म्हणून ऊर भरून आला.

पुढच्या पानावर पेटारा उघडतो. आत उशीचे दोन अभ्रे आणि एक नेलकटर.

डबा तसाच राहिला.

मी बावीस वर्षांची होते. एकाने शब्द दिला होता की सकाळच्या गाडीने येतो, आपण दुसऱ्या शहरात जाऊन लग्न करू. मी बसस्टँडवर सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत बसले. प्रत्येक बसला बॅग घेऊन उठले. बॅगेत मी भरतकाम केलेले दोन अभ्रे होते, आणि नेलकटर, कारण त्याला नखं खायची खोड होती. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे गेले होते. खरं ते फक्त ठकूला सांगितलं. ती तेरा वर्षांची होती, गळ्याला चिमटा घेऊन तिने शपथ घेतली होती. त्या दिवसावर लोक घराघरांत हसत होते, आणि आज मीही पोट धरून हसले होते. ते सगळ्यात जास्त झोंबलं.

पाच वाजता ठकू आली. स्टेजवर वाचायला तिला नवा चष्मा हवा होता. मी तो तिच्या नाकावर चढवला. दांड्या बसवताना समोरच्याचा चेहरा दोन्ही हातांत धरावा लागतो, त्यामुळे तिला मान फिरवता येईना.

"नेलकटर कशाला घातलंस?" मी विचारलं.

तिचे कान लाल झाले. "पहिलं तुला कुणी दिलं?"

"मी काय विचारलं?"

"ताई, मी तेव्हा तेवीसची होते. काही सुचत नव्हतं. माझ्याकडे तेवढंच खरं होतं."

"तुझं नव्हतं ते. माझं होतं. तुझ्यापाशी ठेवायला दिलं होतं."

"लोकांचा किती जीव आहे तिच्यावर! आणि आठव्यात राजपुत्र येतो, मी तिचं लग्न लावून दिलंय. तुझ्यासाठीच लिहिलं ते."

"मग आठव्यापासून सुरुवात कर, असं का नाही म्हणालीस?"

मी डावी दांडी जरा वाकवून पुन्हा कानामागे बसवली. चष्मा अगदी नीट बसला. कितीही डोकं फिरलं तरी मी हातातलं काम बिघडवत नाही.

"त्या लग्नात लोक सगळ्यात जास्त हसतात," ती हळूच म्हणाली.

मी चष्मा काढला, पुसला, डबीत घातला आणि तिच्या हातात दिला. वीस वर्षं मला वाटत होतं की हिला आपल्या कच्च्या लिखाणाची लाज वाटते. पोटच्या पोरीसारखी वाढवली, आणि हिनं मला आठ पुस्तकांत नाचवून वर प्रकाशनाला बोलावलं! घरात ठकू नाव ठेवलं, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दारापर्यंत जाऊन ती वळली. डोळे भरले होते. "ताई, रविवारी येशील ना? दहाला आहे. मी दारातच उभी राहीन. तू आल्याशिवाय आत जाणार नाही."

मी पुढच्या गिऱ्हाइकाची काच हातात घेतली.

"बघ वाट," मी म्हटलं.